मिस्टर रॉसच्या पत्राची पहिली प्रत

चि. इरा आणि चि. निहार,

हे मी मराठीत लिहिते आहे, तेव्हा तुम्हाला ते बाबाकडून वाचून घ्यावं लागेल. तुमच्या बाबाचं मराठी वाचन मी शेवटचं तपासलं तेव्हा तो लग्नपत्रिकेपर्यंत पोचला होता, त्यामुळे वेळ लागेल. घाई करू नका. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला माझ्या नोकरीतल्या अनुभवांवर लेख हवा आहे आणि तुम्हाला माझ्याकडून एक सैनिक हवा आहे. दोन कामं एका कागदात बसत असतील तर दोन कागद वापरू नयेत, हा माझा जुना नियम.

सैनिकाचं असं झालं. एप्रिलमध्ये तुमच्याकडे मेलबर्नला शाळेत युद्धावर गेलेल्यांची आठवण काढतात. निहारच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या घरातल्या सैनिकाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. त्याने मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, आपलं कोण? मी बराच विचार केला. आजोबांचे वडील मामलेदार कचेरीत कारकून, माझे वडील बेळगावला इंग्रजीचे मास्तर. आपल्या घराण्यात सगळ्यात धारदार वस्तू कोणी चालवली असेल तर ती विळी. मागून इरा म्हणाली, "इट्स ओके, आजी. वी डोन्ट हॅव एनीवन." निहार मग युद्धातल्या कुत्र्यांवर बोलला आणि त्याला भरपूर टाळ्या मिळाल्या असं कळलं.

कॉल संपल्यावर मी कपाटातली निळी फाइल काढली. कारण आपल्याकडे एक आहे. तो आपल्या घरातला नाही, माझ्या ऑफिसातला आहे, आणि तुमच्याच देशाचा आहे. त्याच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली. ती दुरुस्त करायला आता फार दिवस उरलेले नाहीत आणि मला तुम्हा दोघांची मदत लागणार आहे. म्हणून आता.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर चूक समजणार नाही. तुमचा बाबा लहानपणी सांगायचा की आई कागद फाडायला जाते. ते तसं खरंच होतं.

दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये आमचं फॅब्रिकेशन यार्ड होतं. समुद्रातल्या तेलविहिरींवर लोखंडाचे मजले उभे असतात, त्यांच्या शिड्या, कठडे, टाक्या आम्ही बनवायचो. मी तिथे सत्तावीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर होते. पहाटे दुबईतल्या घराजवळून, अल मनखूलहून, कंपनीची बस पकडायची, सातला टेबलाशी बसायचं. काम असं की, इंजिनिअर ड्रॉइंग काढतो, त्याला नंबर देतात. मग त्याला काहीतरी सुचतं, किंवा गिऱ्हाइकाला सुचतं, आणि तेच ड्रॉइंग बदलून पुन्हा येतं. पहिलं ते रिव्हिजन झिरो, मग एक, दोन, तीन. यार्डात एका वेळी एका ड्रॉइंगची एकच रिव्हिजन असली पाहिजे. नवी आली की मी फोरमनला ती द्यायची, त्याच्याकडून जुनी परत घ्यायची, तिच्यावर रद्दचा लाल शिक्का मारायचा आणि श्रेडरमध्ये घालायची. प्रत्येक देवघेवीची एक पोचपावती. तिच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असे की ही प्रत मिळताच आधीची प्रत नष्ट करण्यात येईल. त्याखाली घेणाऱ्याची आणि माझी सही; एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे. ती माझ्या रजिस्टरमध्ये चढली की विषय खलास.

बाहेरच्यांना हे खूळ वाटतं. मलाही पहिले सहा महिने वाटलं. मग शिडीचा प्रकार झाला.

आमच्याकडे शिंदे नावाचे फोरमन होते, सांगलीकडचे, हातात कला आणि तोंडात तंबाखू. त्यांनी जुन्या ड्रॉइंगची एक प्रत टेबलावर डबा खाण्यासाठी अंथरून ठेवली होती. नवी रिव्हिजन आली, जुनी मागितली, तर म्हणाले हरवली. एके दिवशी जेवण उरकून त्यांच्या हाताखालच्या लोकांनी डब्याखालचंच ड्रॉइंग बघून शिडी जोडली. ती समुद्रात नेऊन बसवल्यावर कळलं की तिची वरची पायरी जिथे उघडते तिथे मजलाच नाही, खाली पाणी आहे. चौकशीत शिंदे शांतपणे म्हणाले, "बाई, शिडी बरोबर आहे. समुद्र चुकीच्या बाजूला आहे."

त्या दिवसापासून मी कुणावर विश्वास ठेवला नाही. कामगारांच्या डब्यांखाली हात घालून मी जुनी ड्रॉइंगं ओढून काढत असे. लोक मला मागे 'फाडाफाडी मॅडम' म्हणत आणि मला त्याचा अभिमान होता. थोडा अजूनही आहे.

आता मिस्टर रॉस. आखातात सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारून पुढे मिस्टर लावतात, त्याने आदरही राहतो आणि आडनाव पाठ करावं लागत नाही. मिस्टर रॉस आमचे स्टोअरकीपर. उंच, लाल मानेचे, डाव्या कानाने कमी ऐकणारे. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे ते होते त्यापेक्षा सभ्य वाटतील.

स्टोअरकीपर म्हणजे चिठ्ठीचा माणूस. नट हवा तरी चिठ्ठी आणा, सही आणा. मिस्टर रॉस मात्र चिठ्ठी मागतच नसत. खिडकीशी कुणीही आलं की आधी वस्तू द्यायचे, "कागद नंतर आणा" म्हणायचे, आणि कागद कधीच यायचा नाही. ऑडिटच्या आठवड्यात ते माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना बोलायचे.

"मिस्टर रॉस, चाळीस मोजे कुठे गेले?"

"पायांत असतील, मिसेस एस."

"सही कुणाची?"

"सहीने पाय झाकत नाहीत."

मी मनात म्हणायचे, हा माणूस सैन्यात स्टोअरला होता म्हणतो, मग जिंकले कसे? ते जिंकले नव्हते. ते व्हिएतनामला होते.

त्यांच्या युद्धाबद्दल इतकंच माहीत होतं. विसाव्या वर्षी चिठ्ठ्या टाकून ज्या मुलांना सैन्यात नेलं त्यात त्यांची जन्मतारीख निघाली. तेव्हा ते एका धान्याच्या कोठारात हिशेबनीस होते, म्हणून सैन्याने त्यांना स्टोअर दिलं. वर्षभर पत्र्याच्या खिडकीमागून मोजे, बूट, बॅटऱ्या दिल्या आणि परत आले. गावातल्या जुन्या सैनिकांच्या क्लबात गेले तर मोठ्या युद्धातला एक म्हातारा म्हणाला, तुमचं ते काय खरं युद्ध. मिस्टर रॉसना पटलं. ते पुन्हा गेले नाहीत. मग खाणीतलं स्टोअर, बंदरातलं स्टोअर, एक लग्न, एक मुलगी, एक घटस्फोट आणि शेवटी आमचं स्टोअर. एप्रिलमधल्या त्या दिवशी दुबईतले ऑस्ट्रेलियन लोक पहाटे कुठेतरी जमत. हे तेव्हा ऑफिसात येऊन बसत. फक्त त्या दिवशी ओट आणि खोबऱ्याच्या बिस्किटांचा डबा आणत. तुम्ही शाळेतून आणता तीच. शिंदे एक चावून म्हणाले होते, "नानकटाई आहे, पण युद्धातून उरलेली."

एका एप्रिलला ते डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं. त्यांच्या तुकडीच्या जुन्या लोकांचं एक छोटं पत्रक त्यांना पोस्टाने यायचं, ते न उघडताच टाकून द्यायचे. त्या वेळी का कोण जाणे उघडलं. त्यात एका बाईंची चार ओळींची विनंती होती. माझा भाऊ टेरी तिकडे गेला तो आला नाही, त्याला ओळखणारं कुणी असेल तर मला लिहा.

"तुम्ही ओळखत होतात?"

"शेवटच्या दिवशी माझ्या खिडकीशी आला होता."

"मग लिहा."

"लिहिलंय." त्यांनी चौदा पानं टेबलावर ठेवली. पेन्सिलीने लिहिलेली, दोन्ही बाजूंनी. "टाइप करून द्याल? आणि एक करा. याला नंबर द्या. ड्रॉइंगसारखं कंट्रोलमध्ये घ्या. नाहीतर मी हे कधीच पुरं करणार नाही."

मला ते फार आवडलं. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा शिस्तीची मागणी केली होती. मी नंबर दिला, आर शून्य शून्य एक, रिव्हिजन झिरो, पानं चौदा. पोचपावती केली. त्यांनी न वाचता सही ठोकली.

त्या चौदा पानांत काय होतं ते पुढे सांगते. आधी त्यांचं काय झालं ते सांगते.

मी इंग्रजीच्या मास्तरांची मुलगी. टाइप करताना माझा हात शिवशिवायला लागला. वाक्यं लांब, स्वल्पविराम नाहीत, मधेच पीचच्या डब्याबद्दल दीड पान. मी म्हटलं, "मिस्टर रॉस, भाऊ गमावलेल्या बाईंना पीचचं काय? हे काढू या." त्यांनी मान हलवली. ती रिव्हिजन एक. आधीची हस्तलिखित पानं आणि टाइप प्रत दोन्ही मी लाल शिक्का मारून श्रेडरमध्ये घातली. पावतीवर सही होतीच.

चार-सहा महिन्यांनी ते यायचे, जेवणाच्या सुट्टीत. "ते जरा बदलायचंय." दुसऱ्या रिव्हिजनमध्ये त्यांनी टेरीने केलेली थट्टा काढली. तिसऱ्यात एक वाक्य होतं, 'मी त्याला परत पाठवलं.' मी सुचवलं, बाईंना फार लागेल, असं लिहा, 'बॅटरी देता आली नाही.' त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. "यात मी कुठेच नाही."

मी ते कौतुक समजले.

चौथ्यात बॅटरीच गेली. पाचव्यात ते त्या दिवशी ड्यूटीवर नव्हते असं आलं. मी विचारलं नाही, कारण मजकुराची जबाबदारी लेखकाची असते, माझी फक्त नंबराची. तीन वर्षांत सातवी रिव्हिजन झाली. दोन पानं, स्वच्छ इंग्रजी, एक चूक नाही. टेरी चांगला मुलगा होता, सगळ्यांना प्रिय होता, त्याची आठवण कायम राहील. माझ्या कामात इतकी देखणी फाइल दुसरी नव्हती. मी स्वतः कुरिअरने पाठवली.

बाईंचं उत्तर आलं ते कार्डावर. मिस्टर रॉस ते घेऊन आले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील, बाहेर पत्र्यावर ऊन नुसतं ओतल्यासारखं. त्यांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं. ते आजही निळ्या फाइलमध्ये आहे. बाई लिहितात की तुमच्या पत्राबद्दल आभार. तो चांगला होता असं सगळेच लिहितात, मलाही ते माहीत आहे, मी त्याच्याबरोबर वाढले. मला एवढंच हवं होतं की शेवटी शेवटी तो कसा होता. काय खात होता, हसत होता का. तुम्हाला काही आठवलं, अगदी बारीकसंही, तर लिहा.

"पहिलं द्या," मिस्टर रॉस म्हणाले.

"पहिलं म्हणजे?"

"झिरो. चौदा पानं."

मी रजिस्टर उघडलं. मला बघायची गरज नव्हती, पण उत्तर कागदावरून द्यायची सवय. "नष्ट केलं. एक आलं त्याच दिवशी."

"एकही प्रत नाही? कॉम्प्युटरमध्ये?"

"त्यावरच पुढची लिहिली."

"पेन्सिलची पानं?"

"तीही."

ते खुर्चीत बसले. स्टोअरला वस्तू पॅक करायला माझ्या श्रेडरच्या कातरणांच्या गोण्या जायच्या. दाब मोजायचे काचेचे गेज, व्हॉल्व्ह त्यात गुंडाळून खोक्यात भरायचे. ते खोके मिस्टर रॉसच भरत.

"म्हणजे मीच भरलं असेल ते," ते म्हणाले. "कुठल्या तरी तेलविहिरीवर गेलं असेल. गेज फुटला नाही ना?"

"मिस्टर रॉस, पावतीवर लिहिलेलं असतं की आधीची प्रत..."

"सही होती का?"

"होती. तुमचीच."

ते हसले. मला वाटलं राग आला नाही, बरं झालं. मग म्हणाले, "तुम्ही उत्तम स्टोअरकीपर झाला असतात, मिसेस एस. माझ्यासारख्याच."

त्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला, कारण चौदा पानं मी टाइप केली होती.

मी म्हटलं, पुन्हा लिहा, मी लगेच टाइप करते. त्यांनी कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली. पाच-सात मिनिटं झाली. कागदावर एक ओळ आली आणि ती सातव्या रिव्हिजनचीच होती, शब्द न् शब्द. त्यांनी ती खोडली.

"जातंय सगळं," ते म्हणाले. "टेरी खिडकीशी आला, एवढं दिसतं. तो तोंड उघडतो, आणि आतून तुमचं इंग्रजी येतं."

आता माझी खरी चूक. फाडणं ही चूक नव्हती, तो नियम होता. चूक ही की मला सगळं आठवत होतं. जे वाक्य मी एकदा टाइप करते ते माझ्या डोक्यातून जात नाही. आजोबांना विचारा, भांडणात मी त्यांची वीस वर्षांपूर्वीची वाक्यं तारखेसकट काढते. मी त्या क्षणी म्हणू शकले असते, मिस्टर रॉस, लिहून घ्या, मी सांगते. पण कंट्रोलरने तोंडी काही द्यायचं नसतं. आठवणीतून ड्रॉइंग दिलं की शिड्या पाण्यात उघडतात. आणि खोटं कशाला सांगू, मला लाजही वाटली. पीच मी काढले होते. शिंद्यांनी दार वाजवून विचारलं, "बाई, रिव्हिजन तीन आली का?" मी म्हटलं, "आली, देते," आणि उठले. परत आले तेव्हा ते गेले होते. कोरा कागद घेऊन गेले होते.

पुढच्या वर्षी त्यांचं वय झालं, व्हिसा संपला. शेवटची काही वर्षं ते दुबई मरीनात एका उंच इमारतीत राहत होते. तिथे आजोबा आणि मी निरोपाला गेलो. बाल्कनीतून खाली बोटी दिसत होत्या. पुरणपोळी नेली होती. त्यांनी दोन खाल्ल्या आणि विचारलं, यात गोड डाळ कशाला घालता. निघताना बिस्किटांचा रिकामा डबा मला दिला. आज माझ्या स्वयंपाकघरात त्यात लाल तिखट असतं. टेरीच्या बहिणीला पुन्हा लिहिलंत का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक मेल आली. माझ्या जागी बसणाऱ्या मुलीने ती पुढे पाठवली. मिस्टर रॉस गेले, असं त्यांच्या मुलीने लिहिलं होतं. बाबांच्या सामानात आठ पोचपावत्या एकत्र पिन लावून ठेवलेल्या सापडल्या, सगळ्यांवर त्यांच्या सहीशेजारी तुमची सही आहे. सातव्या रिव्हिजनची प्रत आमच्याकडे आहे, पण ही पहिली, चौदा पानांची, काय होती? बाबा युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत. टेरीची बहीण अजून आहे, वृद्धांच्या घरात असते, दर नाताळात बाबांना कार्ड पाठवायची. तिला निदान बाबांची बातमी कळवताना काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या मेलला मी चार महिने उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला माझ्याकडे कागद नव्हता. मग निहारने विचारलं, आपलं कोण.

तर आता ऐका. रिव्हिजन झिरोमध्ये हे होतं.

स्टोअर म्हणजे एक तंबू आणि पत्र्याची खिडकी. दुपार होती, पत्रा हात लावू नये इतका तापलेला. मिस्टर रॉसना आदल्या आठवड्यात तीन बॅटऱ्या कमी भरल्या म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं. टेरी आला तेव्हा त्याच्या हातात पीचचा उघडा डबा होता आणि तो बोटांनी फोडी काढून खात होता. पाक कोपरापर्यंत ओघळत होता. कान उन्हाने सोललेले. संध्याकाळी त्यांच्या आठ जणांना गस्तीवर निघायचं होतं, त्यांच्या वायरलेसची बॅटरी जुनी झाली होती, नवी हवी होती. चिठ्ठी होती, पण तिच्यावर अधिकाऱ्याची सही नव्हती.

मिस्टर रॉस म्हणाले, सही आण.

टेरी म्हणाला, "रॉस, तुझी आई जेवायला वाढते तेव्हा तिलाही चिठ्ठी देतोस का?"

"देतो. दोन प्रतींत."

टेरी इतका हसला की पीच घशात अडकला आणि रॉसना खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या पाठीत मारावं लागलं. मग त्याने डबा खिडकीच्या कडेवर ठेवला. म्हणाला, दोन फोडी उरल्या आहेत, मोजून ठेव, मी सही घेऊन आलो की चिठ्ठीवर परत घेईन. आणि शीळ घालत गेला. शीळ बेसूर होती, असं पत्रात दोनदा लिहिलं होतं.

मिस्टर रॉसनी बॅटरी फळीवरून काढून, टेरीचं नाव लिहून, खिडकीत तयार ठेवली. स्टोअर बंद व्हायची वेळ होऊन गेली तरी खिडकी उघडी ठेवली. टेरी आला नाही. अधिकारी सापडला नसेल, किंवा गस्त लवकर निघाली असेल. दुसऱ्या दिवशी आठांतले सहा परत आले. वायरलेस चालला की नाही, त्याने काही फरक पडला असता की नाही, हे मिस्टर रॉसना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. बॅटरी त्यांनी परत फळीवर ठेवली. हिशेब बरोबर भरला. पीचच्या दोन फोडींना मुंग्या लागेपर्यंत डबा तिथेच होता. शेवटचं वाक्य होतं: 'मी त्याला परत पाठवलं, आणि त्यानंतर मी कुणालाही सहीसाठी परत पाठवलेलं नाही.'

चाळीस मोज्यांवरून मी ज्या माणसाला इतकी वर्षं बोलले, तो हा. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी पुढच्या ऑडिटला मी पुन्हा बोलले. नियम होता.

आता तुमचं काम. बाबाने वाचावं, इराने इंग्रजीत लिहावं, निहारने सुवाच्य अक्षरात उतरवावं. मी स्वतः इंग्रजीत लिहू शकते, पण माझ्या इंग्रजीने या पत्राचं एकदा काय केलं ते तुम्ही वाचलंत. इराचं इंग्रजी मोकळं आहे, ते चालेल. एक प्रत मिस्टर रॉसच्या मुलीला, एक टेरीच्या बहिणीला. दोघींचे पत्ते बाबाला पाठवते आहे. बहिणीचं वय फार झालं आहे, तेव्हा परीक्षा झाल्यावर करू असं म्हणू नका. परीक्षा नंतर आणा. वर स्पष्ट लिहा की ही मूळ प्रत नाही, एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणीतली आहे आणि हिच्यावर कुणाची सही नाही. इरा, तुला काही वाक्यं सुधारावीशी वाटतील. सुधार. पीच काढू नकोस.

आणि निहार, पुढच्या एप्रिलला तुझ्याकडे दोन मिनिटांचा माणूस आहे. तो घरातला नाही असं वर्गातल्या बाई म्हणाल्या, तर सांग की आजीच्या ऑफिसातला आहे.

माझ्याकडे आज जे उरलं आहे ते असं. निळ्या फाइलमध्ये सातव्या रिव्हिजनची दोन पानं आणि बहिणीचं कार्ड. नोकरी सोडताना मी मागून आणलेलं जुनं रजिस्टर, त्यात एक ओळ: आर शून्य शून्य एक, रिव्हिजन झिरो, पानं चौदा, नष्ट, आणि शेजारी माझी सही. स्वयंपाकघरात तिखटाचा डबा. पहिली प्रत नाही.